शूटिंगच्या युनिटमध्ये काम मिळालं? पहिल्या दिवशी जाण्याआधी हे वाचा

गावात शूटिंग येणार अशी बातमी फिरली की दोन चौकश्या लगेच सुरू होतात. हिरो कोण, आणि पोरांना काम मिळंल का? हिरो दोन-चार दिवसांत निघून जातो. पण युनिटबरोबर आठवडाभर नीट काम केलेल्या पोराचा नंबर प्रॉडक्शनवाल्यांच्या मोबाईलमध्ये राहतो. पुढचं शूटिंग आलं की पहिला फोन त्यालाच जातो.

सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्याला हे नवं नाही. 'गंगाजल' (२००३), 'स्वदेस' (२००४), 'दबंग' (२०१०) अशा चित्रपटांचं शूटिंग याच भागात झालं. मेणवलीचा कृष्णेवरचा घाट 'स्वदेस'मुळं देशभर पोचला. 'सैराट' (२०१६) सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात घडला. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका चालली. आता वेब सिरीज, जाहिराती आणि अल्बमची गाणीही गावोगाव होतात. प्रत्येक युनिटला चार-दोन स्थानिक माणसं लागतातच.

अडचण अशी की हे काम असतं कसं, ते कोणी आधी सांगत नाही. मुंबई-कोल्हापूरहून आलेले लाईटमन, सेटिंगवाले, स्पॉटदादा वर्षानुवर्षं हेच करतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मागं संघटना आणि कार्ड असतं. गावातून चार दिवसांसाठी घेतलेल्या पोराच्या मागं कोणी नसतं. काम तिथंच शिकायचं, आणि स्वतःची मजुरी नि जीवही स्वतःच सांभाळायचा. म्हणून काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

आधी ओळखा, कोण काय करतं

सेटवर साठ-सत्तर माणसं इकडंतिकडं पळताना दिसतात. बघणाऱ्याला तो गोंधळ वाटतो, पण प्रत्येकाचं खातं ठरलेलं असतं.

प्रॉडक्शन म्हणजे गाड्या, जेवण, मुक्काम, परवानग्या आणि पैसे बघणारे. गावातल्या पोरांना कामावर घेतात ते बहुतेक वेळा हेच, किंवा त्यांचा स्थानिक को-ऑर्डिनेटर. असिस्टंट डायरेक्टर, म्हणजे एडी, सेटवरची शिस्त आणि वेळ सांभाळतात. पुढं काय होणार ते त्यांना माहीत असतं. कॅमेरा, लाईट, साऊंड, आर्ट, ड्रेस आणि मेकअप ही वेगवेगळी खाती. सेटिंगवाले ट्रॉलीचे रूळ टाकतात, क्रेन जोडतात, स्टँड लावतात. स्पॉटदादा चहा-पाण्यापासून खुर्ची-छत्रीपर्यंत सगळं बघतात.

कामावर गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, "दादा, मी कोणाच्या हाताखाली?" ज्याचं नाव सांगतील तोच त्या दिवसाचा साहेब. सूचना त्याच्याकडूनच घ्यायची. मधेच दुसऱ्या खात्यातल्या कोणी "ए, ते उचल रे" म्हटलं, तर "आमच्या दादांना विचारून येतो" एवढं सांगायचं. यात उद्धटपणा काही नाही. दोघांचं ऐकायला गेलेला माणूस दोघांच्याही शिव्या खातो, आणि ज्या जागी त्याची गरज असते नेमका तिथंच सापडत नाही.

कॉल टाईम म्हणजे घरातून निघायची वेळ नव्हे

आदल्या रात्री मोबाईलवर दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्याला कॉल शीट म्हणतात. कुठल्या सीनचं काम आहे, जागा कुठली, कोणी किती वाजता यायचं, हे सगळं त्यात असतं. कॉल सहाचा असेल तर सहाला हातात काम पाहिजे. चहा-नाश्ता त्याच्या आधी उरकायचा.

एवढी घाई कशाला? कारण उन्हाला कोणी थांबवू शकत नाही. सकाळचं कोवळं ऊन, संध्याकाळचा तांबूस उजेड मोजकाच वेळ असतो. तेवढ्यात शॉट झाला नाही तर तेवढ्यासाठी सगळं युनिट उद्या परत त्याच घाटावर आणावं लागतं. गाड्या, जनरेटर, कलाकार आणि जेवण, सगळ्याचा खर्च पुन्हा. एक पोरगा वीस मिनिटं उशिरा आला आणि ट्रॉलीचे रूळ त्याच्याच पिकअपमध्ये असले, तर साठ माणसं वीस मिनिटं उभी राहतात.

अंगावर साधे, गडद रंगाचे कपडे असावेत. पांढरा शर्ट उजेड परतवतो, त्याची झाक कलाकाराच्या तोंडावर किंवा मागच्या काचेत येते. पायात चप्पल नको, बूट पाहिजेत. टोपी, पाण्याची बाटली, छोटी बॅटरी आणि रुमाल जवळ असू द्यावा. शूटिंग रात्री असेल तर स्वेटरही. डोंगराच्या कडेला पहाटे थंडी किती पडते हे मुंबईकराला सांगावं लागतं, गावच्या पोराला नाही.

'रोल' म्हटल्यावर पुतळा

शॉटच्या आधी एडी ओरडतो, "सायलेन्स!" मग साऊंड आणि कॅमेरा रोल होतात. क्लॅपची पाटी पुढं येते. तिच्यावर सीन, शॉट आणि टेकचा नंबर असतो. मग "ॲक्शन". तिथपासून "कट" ऐकू येईपर्यंत जिथं आहे तिथंच थांबायचं. चालायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही, प्लास्टिकची पिशवीसुद्धा चुरगळायची नाही.

आता बरीच कामं सिंक साऊंडमध्ये होतात, म्हणजे कलाकाराचा आवाज तिथल्या तिथं रेकॉर्ड होतो. डांबरी रस्त्यावरून गेलेल्या बुटांचा आवाजही त्यात येतो. मोबाईल सायलेंटवर टाकून भागत नाही, कारण खिशातला थरथराटही माईक पकडू शकतो. तो फ्लाइट मोडवर टाकायचा किंवा बंदच करायचा.

सीन संपल्यावर साऊंडवाले कधीकधी म्हणतात, "रूम टोन घ्यायचाय." तेव्हा अर्धा-एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड होत असते. एडिटिंग करताना दोन वाक्यांमधली फट ती भरून काढते. नवीन पोरं नेमकी याच वेळी "झालं वाटतं" म्हणून सामान उचलायला लागतात.

आणखी दोन गोष्टी. कलाकार ज्या दिशेला बघून बोलतोय त्या दिशेला उभं राहायचं नाही, त्याचं लक्ष उडतं. आणि दिव्याच्या पुढून जायचं नाही, सावली फ्रेममध्ये जाते. उभं कुठं राहायचं ते कळत नसेल तर कॅमेऱ्याच्या मागं, आपल्या खात्याच्या सामानाजवळ. ती जागा सहसा चुकत नाही.

दुसऱ्याच्या सामानाला हात नाही

गावात कोणाची गाडी अडली तर धावून जाणं हा चांगुलपणा. सेटवर तोच महागात पडतो. वाटेतली पेटी सरकवली आणि तिच्यात लेन्स असली, तर नुकसान लाखांत जाऊ शकतं. आपल्या खात्याचं नसलेलं सामान वाटेत असेल तर त्या खात्याच्या माणसाला हाक मारायची, स्वतः उचलायचं नाही.

आर्टचं सामान तर अजिबात हलवायचं नाही, मग ते कचऱ्यासारखं दिसलं तरी. सिनेमा तुकड्यातुकड्यानं आणि उलटसुलट क्रमानं चित्रित होतो. दारातून बाहेर येणारी बाई आज आणि त्याच बाईचं अंगणातलं बोलणं चार दिवसांनी, असंही होतं. पडद्यावर ती दोन्ही दृश्यं एकामागोमाग येतात. मधल्या काळात कोणी अंगणातली शेणी नीट रचून ठेवली, तुळशीपुढचा दिवा उचलला किंवा बैलगाडीचं जू दुसऱ्या बाजूला टेकवलं, तर प्रेक्षकाला ते खटकतं. याला कंटिन्युइटी म्हणतात. दुपारी जेवायला जाताना अर्धा भरलेला पाण्याचा तांब्या बाजेजवळ दिसला, तर तो तसाच राहू द्यायचा. तहान लागली तरी.

वायर गुंडाळायचीही पद्धत असते

नवीन पोराला पहिलं काम मिळतं ते बहुतेक ओझ्याचं. दिव्याचे स्टँड, वायरी, थर्मोकोलचे मोठे पांढरे तक्ते, वाळूच्या पिशव्या. हे हमालीचं काम समजून केलं की माणूस हमालच राहतो. समजून केलं की महिन्याभरात त्याला लाईटमनच्या शेजारी जागा मिळते.

वायर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळायची नाही. त्यानं आतली तार पिळली जाते आणि कधीतरी तुटते. वायरच्या मूळ वळणानं मोठी वेटोळी घालायची, एक वरून, एक खालून. जाड वायर वेटोळं करून ठेवलेली असतानाच तिच्यावर मोठा दिवा लावायचा नाही. वेटोळ्यात उष्णता कोंडते, वायर तापून वितळू शकते. ती पूर्ण उलगडून पसरायची.

मोठा दिवा न विचारता बंद करायचा नाही. काही मोठे दिवे एकदा बंद केले की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाहीत. दिव्याच्या काचेला बोट लावायचं नाही. पेटवण्याआधी मोठ्यानं सांगायचं, म्हणजे समोरचा डोळे बाजूला करतो. उंच स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी पाहिजेच. डोंगरावर वारा अचानक सुटतो. थर्मोकोलचा तक्ता त्या वाऱ्यात शिडासारखा ओढला जातो आणि स्टँड खाली असलेल्या माणसाच्या डोक्यावर येतो.

गावच्या पोराचं खरं भांडवल

युनिटकडं महागडे कॅमेरे असतात. पण गिरणी किती वाजता सुरू होते, ते त्यांना माहीत नसतं. गावातला माणूस इथंच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

देवळातला काकडा किती वाजता, हरिपाठाचा भोंगा कधी, थ्री फेज लाईट कोणत्या दिवशी रात्री असते आणि त्या वेळी आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी कशा एकदम सुरू होतात, ऊस तोडणीचे ट्रॅक्टर कोणत्या रस्त्यानं जातात, आठवडी बाजार कधी, गावात दहावा-तेरावा कोणाकडं आहे, यातल्या प्रत्येक गोष्टीनं शूटिंग अडू शकतं. आदल्या दिवशी एडीला एवढं सांगणारा पोरगा युनिटला सोन्यासारखा वाटतो.

पण इथंही हद्द पाळायची. सांगायचं एडीला किंवा प्रॉडक्शनला. स्वतः जाऊन कोणाची मोटार बंद करायची नाही, कोणाला "भोंगा बंद करा" म्हणायचं नाही. मालकाशी बोलणं, गरज पडली तर भरपाई देणं हे प्रॉडक्शनचं काम. युनिट चार दिवसांनी जाणार, भावकी आणि शेजार इथंच राहणार आहे.

झाडावरचं आग्या मोहोळ हा तर जिवाचाच प्रश्न. सीनसाठी धुराचं मशिन लावतात, मोठे दिवे तापतात. वर मोहोळ असेल तर माश्या उठल्यावर अख्खं युनिट सैरावैरा पळतं. वडा-पिंपळाखाली, जुन्या वाड्यात, घाटाच्या कमानीत काम असेल तर आधी वर बघून सांगायचं. उभ्या पिकातून वाट पाडायची नाही, बांध कुठला आणि वाट कुठली ते दाखवायचं. मेणवलीसारख्या जुन्या घाटाला, वाड्याला खिळा ठोकायला निघालेल्याला तिथंच थांबवायचं.

गावाला आधी कळवणं किती गरजेचं, हे भारतीय सिनेमाच्या पहिल्याच आउटडोअरला दिसलं. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं (१९१३) बाहेरचं चित्रीकरण कल्याणच्या पुढच्या वांगणी गावात होतं. तलवारी घेतलेली, पोशाख घातलेली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं. त्यांनी पाटलाला वर्दी दिली आणि मंडळींना धरून ठेवलं. मागून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा आणि फिल्म दाखवली, तेव्हा सुटका झाली, असं सांगतात. याच सिनेमाच्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचं जेवण बघत आणि उन्हाचा उजेड वळवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. आज सेटवर थर्मोकोल धरून उभा असलेला पोरगा त्यांचंच काम करतो.

पाणी, वीज, उंची: इथं भिडस्तपणा नको

एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला एका चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. गाण्याचं काम झाल्यावर एक नर्तक हात धुवायला कृष्णेत उतरला आणि वाहून गेला. शॉट चालू नव्हता, अवघड स्टंट नव्हता. नुसते हात धुवायचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ एका तमीळ चित्रपटाच्या सेटवर क्रेन कोसळली आणि युनिटमधले तीन जण जागीच गेले. पडद्यावर ज्यांचं तोंड कधी दिसत नाही, तीच माणसं अशा वेळी खाली सापडतात.

नदीचा डोह कुठं आहे, शेवाळाची पायरी कुठली, धरणातून पाणी सोडल्यावर पातळी कशी चढते, हे गावच्या माणसाला ठाऊक असतं. तिथं गप्प बसायचं नाही. "साहेब, त्या पायरीच्या पुढं खोल आहे" हे एक वाक्य कोणाचा तरी जीव वाचवू शकतं. दोरी आणि पोहणारी माणसं काठावर आहेत का, ते बघायचं.

जनरेटरला अर्थिंग आहे का, हे लाईटच्या प्रमुखाला विचारायला लाजायचं नाही. वायरीचे जोड ओल्या सरीत, पाटात, गवतात नकोत. ते पाटावर किंवा पेटीवर उचलून ठेवावेत. पाऊस आला की आधी जनरेटर बंद, मग आवराआवर. ओल्या हातानं, अनवाणी पायानं वायर धरायची नाही. विजेच्या मोठ्या तारांखाली क्रेन, लोखंडी शिडी किंवा उंच स्टँड उभा करायचा नाही. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी जवळ गेल्यावर झटका बसू शकतो. गावातल्या खांबावर आकडा टाकून देण्याची सूचना कोणीही केली तरी सरळ नाही म्हणायचं.

शिडीवर चढायला सांगितलं तर खाली धरायला माणूस मागायचा. उंच माचाण असेल तर कमरेला पट्टा मागायचा. येत नसलेलं काम "येतं" म्हणून सांगायचं नाही. "हे कधी केलं नाही, दाखवा" म्हटलं म्हणून कोणी काढून टाकत नाही. आणि काढलंच, तर एका दिवसाची मजुरी गेली, हात-पाय शाबूत राहिले.

पहिल्याच दिवशी बघून ठेवायचं: प्रथमोपचाराची पेटी कुठं, गाडी कोणती रिकामी असते, जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब. अपघात झाला तर १०८ ला फोन. सापाची, विंचवाची शंका आली तरी दवाखानाच, मांत्रिक नाही.

मजुरी: तोंडी नको, मेसेजवर घ्या

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. "बघू शेवटी" म्हणून काम सुरू होतं, आणि शेवटी युनिटच्या गाड्या रात्रीत निघून जातात.

चित्रपट कामगारांशी लेखी करार करावा, अशी तरतूद १९८१ च्या सिने कामगार कायद्यात होती. आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत 'दृकश्राव्य कामगार' या नावानं हा विषय घेतला आहे. प्रत्यक्षात चार दिवसांसाठी घेतलेल्या पोराच्या हातात असा कागद क्वचितच पडतो. मग निदान मोबाईलवर तरी लिहून घ्यायचं. ज्यानं कामावर बोलावलं त्याला आदल्या दिवशी असा मेसेज टाकायचा:

"दादा, उद्यापासून ४ दिवस सेटिंगचं काम. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ६. रोजचे इतके रुपये ठरले. जेवण-चहा युनिटकडून. पैसे रोज पॅकअपला. बरोबर ना?"

समोरून "हो" आलं की तो पुरावा झाला. हे विचारताना सात गोष्टी सुटू द्यायच्या नाहीत.

१. शिफ्ट किती तासांची? आपल्याकडं बारा तासांची शिफ्ट सर्रास चालते.
२. त्याच्यावर काम गेलं तर जादा किती?
३. रात्रीच्या शूटिंगचा दर वेगळा आहे का?
४. जायचं-यायचं भाडं कोणाचं? रात्री दोनला पॅकअप झालं तर घरी कोण सोडणार?
५. पावसामुळं काम रद्द झालं तर बोलावलेल्या दिवसाचे पैसे मिळणार का?
६. पैसे कधी? मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे देण्याचा रिवाज मुंबईत जुना आहे. गावच्या रोजंदारीला तो परवडत नाही. रोजच्या रोज किंवा शेवटच्या दिवशी गाड्या निघायच्या आत, असंच ठरवायचं.
७. पैसे कोण देणार, प्रॉडक्शन की को-ऑर्डिनेटर? मधला माणूस किती कापणार?

हजेरी स्वतःच्या वहीत लिहायची: तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, काय काम केलं. व्हाउचरवर सही करताना रकमेचा आकडा भरलेला पाहिजे. कोऱ्या व्हाउचरवर सही करायची नाही. पैसे ऑनलाईन येणार असतील तर स्वतःच्या खात्यावर घ्यायचे, मित्राच्या नाही.

उलट, कोणी "काम देतो, आधी कार्डाचे पैसे भर" किंवा "डिपॉझिट दे" म्हणाला, तर तो माणूस कामाचा नाही. मजुरीचं काम मिळवायला मजुरानं पैसे भरायचे नसतात.

पैसे बुडालेच तर मेसेज, वही आणि सोबतच्या पोरांची नावं घेऊन जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. चार जणांनी मिळून दिलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा भारी पडतो.

विम्याचंही आधीच बघून ठेवावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून २ लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं एवढीच अट. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंदणी फुकट होते. दोन्ही कामं अर्ध्या तासाची आहेत.

बायका आणि मुलं युनिटवर असतील तर

जेवण, ड्रेस, गर्दीचे सीन यासाठी गावातल्या बायकांनाही बोलावतात. कपडे बदलायला आडोसा, स्वच्छतागृह आणि रात्री घरापर्यंत गाडी, हे आधी ठरवून मगच हो म्हणावं. कोणी त्रास दिला तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असली पाहिजे. ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तातडीच्या वेळी ११२.

चौदा वर्षांखालच्या पोराला चहा वाटायला, सामान उचलायला ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते पोरगं कितीही हौसेनं आलेलं असो. पडद्यावर काम करायचं असेल तर परवानगी आहे, पण अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावानं बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. आई-बापांनी त्या पावतीची मागणी करावी.

फोटोचा मोह

कामावरून काढून टाकण्याचं एक मोठं कारण म्हणजे मोबाईल. हिरोच्या पाठीमागून काढलेला फोटो, सेटचा रील, "आज आमच्या गावात" असं स्टेटस. सिनेमा यायच्या आधी कलाकाराचा वेश बाहेर फुटला तर निर्मात्याचं नुकसान होतं, आणि कोणी टाकला हे शोधायला वेळ लागत नाही. शेवटच्या दिवशी पॅकअप झाल्यावर परवानगी घेऊन एक फोटो मागितला तर बहुतेक वेळा मिळतो. तोही सिनेमा येईपर्यंत स्वतःजवळच ठेवायचा.

पॅकअपनंतर

पॅकअप म्हटल्यावर कलाकार गाडीत बसतात. खालच्या माणसांचं तासाभराचं काम तिथून सुरू होतं. वायरी मोजून पेटीत, स्टँड पुसून गाडीत. रानात पडलेली प्लास्टिकची ताटं, बाटल्या, चिकटपट्ट्या गोळा करायच्या. कोणी सांगितलं नाही तरी. ते रान गावातल्याच कोणाचं तरी असतं, आणि त्यात बाटलीचा तुकडा राहिला तर तो गावातल्याच कोणाच्या तरी बैलाच्या पायात जातो.

निघताना आपल्या दादाचा नंबर घ्यायचा, आपला द्यायचा. मेसेजमध्ये नाव, गाव आणि काय काम येतं ते लिहायचं: "ट्रॉली, जनरेटरच्या वायरी, पिकअप चालवतो." नुसत्या "हाय" नं कोणी लक्षात ठेवत नाही. मन रमलं तर वाट पुढंही जाते. सेटिंगवाल्याचा लाईटमन होतो, स्पॉटदादाचा प्रॉडक्शन मॅनेजर होतो. पण शेती, दूध किंवा शिक्षण सोडून लगेच मुंबई गाठायची घाई नको. दोन-तीन शूटिंगं गावाजवळ करून बघावीत. कोणी परत बोलावलं का आणि पैसे वेळेवर आले का, एवढं तपासलं तरी पुढं जायचं की नाही ते कळतं.